बिल कोन भरी? खान्देशातल्या सेवा क्लबांच्या नव्या अध्यक्षांना खुले पत्र

खान्देशातल्या रोटरी आणि लायन्स क्लबांच्या नियोजित अध्यक्षांस,

स. न. वि. वि.

1 जुलैला तुमच्या गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर पडेल. जळगाव असो, धुळे असो, शहादा असो की शिरपूर, हॉल ठरले असतील, पत्रिका छापून झाल्या असतील, शेवभाजीवाल्याला ॲडव्हान्सही गेला असेल. आणि भाषणाच्या खर्ड्यात एक वाक्य हमखास असेल : 'यंदा आपला क्लब परदेशी ग्रँट आणणार.' हे वाक्य मी अकरा अध्यक्षांच्या तोंडून ऐकलंय. त्यातल्या एकाच्या काळात ग्रँट खरंच आली. तेव्हा खजिनदार मी होतो. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस क्लबात आला की त्याला दुसरं पद कोणी देत नाही.

त्या ग्रँटची फाइल अजून माझ्या कपाटात आहे आणि फाइलला दोऱ्यानं बांधलेली एक किल्ली.

किल्ली आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या खोलीची. ग्रामपंचायतीमागे, दहा बाय बारा, निळ्या पत्र्याची खोली. आत पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट. कोविडच्या आदल्या वर्षी आम्ही सहा गावांत असे प्लांट बसवले आणि तिथल्या शाळांत हात धुवायची बेसिनं. गेल्या मार्चमध्ये सहज म्हणून गेलो. बिजागरी इतकी गंजलेली की दार उघडायला दोघं लागले. पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनच्या नळकांड्यांवर पांढरा क्षार, प्रेशर गेजची काच तडकलेली, कोपऱ्यात ग्रामपंचायतीच्या प्लास्टिक खुर्च्यांची चळत. पंपाची मोटर काढून नेलेली, पण मागे राहिलेल्या वायरींना नीट टेप गुंडाळलेला. चोर टेप गुंडाळत बसत नाही. ज्यानं मोटर काढली, त्याच्या मनात ती कधीतरी परत बसवायची होती. बाहेरची ग्रॅनाइटची पाटी मात्र लख्ख. तिच्यावर आपल्या भागातल्या सगळ्या क्लबांचे प्रमुख असलेले प्रांतपाल, अध्यक्ष, सचिव, मी आणि सातासमुद्रापलीकडचा क्लब. गावातल्या एकाचंही नाव नाही.

शेजारच्या ओट्यावर एक आजी हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पानी ते गोड व्हतं, भाऊ. पन बिल कोन भरी?"

महिन्याचं वीजबिल, दर काही महिन्यांनी फिल्टर, दोन-तीन वर्षांनी मेम्ब्रेन. ग्रामपंचायत म्हणाली क्लबनं भरावं, क्लब म्हणाला ग्रामपंचायतीनं. चौदाव्या महिन्यात मीटर कापलं. कोविडवर ढकलता येईल, आम्ही ढकललंही. पण आजींचा प्रश्न मला नवा नव्हता. तोच प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता आणि त्याचं खोटं उत्तर मी माझ्या सहीनं दिलं होतं. ते पुढे सांगतो. आधी पैसा कसा येतो ते सांगू द्या, कारण अध्यक्ष झालेल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं. माझ्या तोंडावर ते कबूल करतात, सभेत करत नाहीत.

रोटरी फाउंडेशनची कल्पना 1917 सालची, आर्च क्लम्फ यांची. पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून, 26 डॉलर 50 सेंट. आजही मूळ हिशेब तसाच आहे : सभासदांच्या खिशातून थोडं थोडं. आपल्याकडे कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावानं धान्याच्या मुठी पडतात, तसं. सभासद वार्षिक निधीला जे देतो, ते तीन वर्षं गुंतवलं जातं. मग त्याचा जवळपास निम्मा भाग ज्या डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे प्रांतपालांच्या हाताखालच्या क्लबांच्या गटातून, आला तिथे परततो, त्याला आपण डीडीएफ (डिस्ट्रिक्ट डेझिग्नेटेड फंड) म्हणतो. उरलेला बहुतेक फाउंडेशनच्या सामाईक वर्ल्ड फंडात. म्हणजे यंदा तुम्ही जो डीडीएफ मागणार, तो तीन वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेला आहे, आणि तुमच्या वर्षात सभासदांनी जे दिलं ते तुमच्यानंतरच्या तिसऱ्या अध्यक्षाला वापरायला मिळणार. पदग्रहणाच्या स्टेजवरून हे एकदा समजावून सांगा. देणगीच्या आवाहनाला गेल्या वर्षीपेक्षा जास्त हात वर होतील.

ग्लोबल ग्रँटचं, म्हणजे परदेशी क्लबाच्या जोडीनं फाउंडेशनकडून मिळणाऱ्या ग्रँटचं, एकूण बजेट किमान 30,000 डॉलर असावं लागतं. आजच्या दरानं पंचवीस लाखांच्या पुढेच. आकडा ऐकून घाबरू नका, कारण हे सगळं तुमच्या क्लबानं काढायचं नसतं. समजा, आपल्या डिस्ट्रिक्टनं 8,000 डॉलर डीडीएफ दिला आणि परदेशी भागीदाराच्या डिस्ट्रिक्टनंही 8,000 दिला. वर्ल्ड फंड या 16,000 वर 80 टक्के भर घालतो, म्हणजे 12,800. आपल्या क्लबाचे रोख 2,000 आणि त्यांचे 1,000 धरले तर बेरीज 31,800. आमच्या वेळी डीडीएफइतकीच पूर्ण भर मिळायची; जुलै 2020 पासून ती 80 टक्क्यांवर आली. रोख रकमेवर मात्र आता वर्ल्ड फंडाची भर मिळत नाही, उलट तिच्यावर खर्चापोटी 5 टक्के जास्तीचे भरावे लागतात. म्हणून एखादा कारखानदार सभासद 'मी एकटाच दहा लाख टाकतो' म्हणाला की टाळ्या जरूर वाजवा, पण त्या दहा लाखांचे वीस होणार नाहीत हे त्याला तिथल्या तिथे सांगा. आमच्याकडे हे न सांगितल्यामुळे एक चांगला माणूस वर्षभर रुसून बसला होता.

लायन्सवाल्यांनो, हे वाचून पान उलटू नका. तुमचं लायन्स क्लब्ज इंटरनॅशनल फाउंडेशन 1968 चं. फॉर्म वेगळा, मर्यादा वेगळ्या, पण स्थानिक वाटा, डिस्ट्रिक्टची संमती आणि नंतरचा हिशेब तुम्हालाही चुकलेला नाही. हेलन केलर यांनी 1925 साली लायन्सना अंधांचं काम हाती घ्यायला सांगितलं तेव्हापासून डोळ्यांच्या शिबिरांत तुमचा हात कोणी धरू शकत नाही. पण सीएसआरमधून किंवा ग्रँटमधून आलेलं एखादं महागडं मशीन तंत्रज्ञ नाही म्हणून चादरीखाली झाकलेलं तुम्हीही पाहिलंच असेल.

आता भागीदार. ग्लोबल ग्रँटला प्रकल्प जिथे होतो तिथला एक क्लब आणि दुसऱ्या देशातला एक क्लब अशी जोडी लागतेच. बरेच जण इंटरनेटवरून यादी काढून दोनशे क्लबांना एकच मेल पाठवतात : 'रिस्पेक्टेड सर, वुई आर अ व्हायब्रंट क्लब...' आम्हीही चाळीस पाठवले. तीन उत्तरं आली. दोन 'शुभेच्छा' म्हणून, तिसरं एका छोट्या गावातल्या निवृत्त इंजिनिअर बाईंचं. ते उत्तर आलं कारण आमच्या एका सभासदाची मुलगी तिथे शिकत होती आणि त्या क्लबाच्या बैठकीला जाऊन आली होती. फ्रेंडशिप एक्स्चेंज, म्हणजे दोन देशांतल्या सभासदांच्या एकमेकांकडच्या भेटी, आंतरराष्ट्रीय अधिवेशन, पुण्या-मुंबईमार्गे परदेशात स्थायिक झालेली आपल्याच गावची पोरं, भागीदार अशाच वाटांनी मिळतो. चुलतभावाच्या ओळखीनं नोकरी लागते तसंच हे, फक्त इथे ओळखीनंतर कागद दाखवावा लागतो.

त्या बाईंनी आमचा अर्ज वाचून एकच प्रश्न पाठवला. मशीन कोणतं, किंमत किती, हे काही नाही. प्रश्न होता : 'पहिलं वर्ष संपल्यावर विजेचं बिल कोण भरणार?'

मेल रात्री साडेनऊला आला. अध्यक्षांचा फोन आला, "खजिनदार, काहीतरी बरं उत्तर लिहा, त्यांची कमिटी उद्या बसतेय." मी लिहिलं : 'प्रत्येक गावात लाभार्थ्यांची पाणी समिती स्थापन झाली असून ती वापरशुल्कातून देखभाल खर्च करील.' इंग्रजीत हे वाक्य फार छान वाटत होतं. सहा गावांपैकी एकाही गावात अशी समिती नव्हती. चार गावांत तर तोवर आमच्यातलं कोणी पाऊलही टाकलं नव्हतं. सरपंचांची पत्रं गावाचं नाव बदलून एकाच मजकुराची होती. फाउंडेशन अर्जासोबत गावाच्या गरजांच्या पाहणीचा निकाल मागतं : कोणाशी बोललात, काय विचारलं, लोक काय म्हणाले, गावाकडे स्वतःचं काय आहे. आमच्या एका उत्साही सभासदानं तो फॉर्म एका रविवारी दुपारी, क्रिकेट बघत बघत भरला. मंजुरी आली. पेढे वाटले.

मंजुरीनंतरचं काम सोपं नसतं, पण ते कारकुनी आहे आणि कारकुनी मला जमते. ग्रँटसाठी वेगळं बँक खातं, दोन सह्या, दरपत्रकं, पावत्या, फोटो. मंजुरीआधी केलेला खर्च ग्रँटमधून परत मिळत नाही; 'आधी बोअर मारून घेऊ, मग बघू' असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. आणि पुरवठादार आपल्यापैकीच कोणी, किंवा कोणाचा नातलग असेल, तर ते नातं लपवू नका. आमच्याकडे तिन्ही दरपत्रकांचा कागद एकच, फॉन्ट एकच आणि स्पेलिंगच्या चुकाही त्याच होत्या. बँकेत असतो तर असा प्रस्ताव मी त्याच पावली परत पाठवला असता. क्लबात पाठवला नाही, कारण समोर बसलेल्या माणसाच्या मुलीच्या लग्नात आदल्याच आठवड्यात जेवून आलो होतो. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहितोय.

एक गोष्ट मात्र आम्ही वेळेत ओळखली. न्यू जर्सीतला, तिकडचंच नागरिकत्व घेतलेला आमचा एक गाववाला म्हणाला, "एवढे फॉर्म कशाला? मी आणि माझे मित्र थेट तुमच्या ट्रस्टच्या खात्यात टाकतो." मन उदार, पण परदेशी पैसा असा घेता येत नाही. एफसीआरए, म्हणजे 2010 चा परदेशी योगदान कायदा, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक डॉलरही घेऊ देत नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणी असलेल्या संस्थेनंही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला मनाई आहे, परदेशी निधीचं मुख्य खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली आहे. एखादी मोठी नोंदणीकृत संस्था 'आमच्या खात्यावर घ्या, आम्ही तुम्हाला देऊ' म्हणाली तरी नको म्हणा. तुमच्या सीएला पहिल्या दिवशी बोलवा. आपल्याकडे सीएला बोलावतात ते ऑडिटच्या आदल्या दिवशी.

सहा प्लांट बसले, फिती कापल्या, अहवाल गेला. अहवालात 'लाभार्थी संख्या' नावाचा रकाना असतो. आम्ही सहा गावांची जनगणनेतली लोकसंख्या टाकून दिली, नुकतीच जन्मलेली बाळं आणि पुण्याला कामाला गेलेली पोरं धरून.

आज त्यांतले दोन चालू आहेत. का, ते पाहायला दोन्हीकडे जाऊन आलो. एका गावात शाळेचे शिक्षक स्वतः किल्ली ठेवतात. त्यांची बदली झाली की तोही बंद पडेल. दुसऱ्या गावातला चालेल असं वाटतं. तिथे महिला बचत गटानं तो आपणहून ताब्यात घेतला, आम्हाला न विचारता. वीस लिटरच्या जारला पाच रुपये, लग्नाकार्याला वेगळा दर. सचिव ताईंनी मला वही दाखवली. शंभर पानी, वर विठ्ठलाचं चित्र. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर वीज, फिल्टर, केमिकल, आणि मागच्या पानांवर उधारी, नावानिशी. उधारीत सरपंचांचं नाव दोनदा. मेम्ब्रेन बदलायला दर महिन्याला ठरावीक रक्कम त्या वेगळी टाकतात. मी तीस वर्षं लेजर तपासले, इतकं स्वच्छ लेजर फार थोड्या शाखांत पाहिलं. मी विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" त्या म्हणाल्या, "शिकाडानं काय शे त्यामा? आमले पानी पायजे व्हतं."

आपल्या मुलखात हे नवीनही नाही. साक्री तालुक्यात पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे आहेत, शतकानुशतकांचे. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटाखालची शेती फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच पिकातून द्यायचा. पाटातला गाळ काढायचा दिवस आला की त्या पाण्यावर पिकवणाऱ्यानं माणूस आणि बैल द्यायचे. पुढची वीस वर्षं देखभाल कोण करणार, याचं उत्तर तिथे पाणी वाटायच्या आधीच ठरलेलं असे. त्याच तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी आपलं जंगल नियम करून राखलं आणि वाढवलं. चैत्राम पवारांना 2025 ची पद्मश्री त्याच कामासाठी. ही माणसं आपल्यापासून तास-दोन तासांवर आहेत. आणि 'सस्टेनेबिलिटी' म्हणजे काय ते समजून घ्यायला आपण हॉटेलातल्या एसी हॉलमध्ये स्लाइड्स बघतो. सेमिनारला जायला हवंच, त्याशिवाय क्लब ग्रँटसाठी पात्र ठरत नाही. पण एकदा बारीपाड्यालाही जाऊन या.

तुमची खरी अडचण मला कळते. वर्ष बारा महिन्यांचं. जुलैत पदग्रहण, सणासुदीत सप्टेंबर-ऑक्टोबर संपतात, जानेवारीत प्रांतपालांची भेट, मेमध्ये पुढच्या अध्यक्षाची तयारी. एवढ्यात गावाशी ओळख, गरजांची पाहणी, भागीदार, अर्ज, मंजुरी, खरेदी आणि उद्घाटन बसवायचं तर काहीतरी गाळावं लागतं. भागीदार गाळता येत नाही, बजेट गाळता येत नाही, उद्घाटन तर नाहीच नाही. उरतं गाव. म्हणून ते दरवेळी गाळलं जातं.

मला तुमच्याकडून एकच हवंय, आणि त्यासाठी कुठल्या कार्यालयाची मंजुरी लागत नाही. तुमच्या वर्षात अर्ज करू नका. तुमच्या वर्षात फक्त गावात जा. ग्रँटसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन जणांची समिती लागते. आपल्या तिघांत तुम्ही, तुमच्यानंतरचा आणि त्याच्यानंतरचा अध्यक्ष असे तिघं घाला. गरजांच्या पाहणीचा खर्च डिस्ट्रिक्ट ग्रँटमधून, म्हणजे डिस्ट्रिक्टकडून मिळणाऱ्या छोट्या ग्रँटमधून, करता येतो, तो मागून घ्या. पहिल्या भेटीत काही देऊ नका, विचारा. दुसऱ्या भेटीला पुरुषांना चावडीवर बसवा आणि तुमच्यातल्या बायकांना पाणवठ्यावर पाठवा, दोन वेगळी उत्तरं येतील. गाव कदाचित म्हणेल की आम्हाला आरओ नको, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हवी. अक्कलकुवा-धडगावकडे हमखास म्हणेल. मग तुमच्या मनातला प्रकल्प गेला खड्ड्यात, तपासणीचा करा. रोगप्रतिबंध आणि उपचार हे फाउंडेशनच्या सात क्षेत्रांपैकी एक आहेच. अर्जावर सही पुढचा अध्यक्ष करील, फीत त्याच्या पुढचा कापेल, पाटीवर तुमचं नाव नसेल. माझं आहे. वाचायला येणार असाल तर नेतो.

प्रांतपाल महोदय हे वाचणार असतील, तर त्यांनाही एक विनंती. बक्षीस समारंभात 'सर्वाधिक ग्रँट आणणारा क्लब' अशी ट्रॉफी असते. पाच वर्षांपूर्वीचा प्रकल्प आजही चालू असलेल्या क्लबाला एक द्या. पहिली काही वर्षं ती कोणालाच देता येणार नाही, तरी कपाटात ठेवा.

आमच्या क्लबाच्या नव्या अध्यक्षांशी मी बोललोय. निळ्या खोलीतली मोटर सरपंचांच्या गोठ्यात सापडली, चालू आहे. मीटर परत जोडायला थकबाकी भरावी लागेल, मेम्ब्रेन नवे लागतील. बचत गटाच्या त्या सचिव ताई येऊन इथल्या बायकांना वही दाखवायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे, भाषण करायला लावू नका. पहिली बैठक आषाढातल्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी दोनला, आजींच्या ओट्यावर. क्लबाकडून मी एकटाच येतोय, म्हणून स्कूटरची मागची सीट रिकामी आहे.

आपला,
एक माजी खजिनदार